दाखवू नका, हातात द्या!

कल्पना करा, तलाठ्याकडे सातबारा मागायला गेलात. त्याने तो काचेआडून दाखवला आणि म्हणाला, "हा बघा तुमचा उतारा. वाचलात ना? झालं काम!" तुम्ही भांडाल की नाही? मग ब्राउझर रोज हेच करतो तेव्हा आपण गप्प का बसतो?

पावती असो, निकालपत्र असो, विम्याची पॉलिसी असो. लिंकवर टिचकी मारली की पीडीएफ टॅबमध्ये उघडते. आपल्याला वाटतं, मिळाली. मिळाली कसली! दिसली फक्त. टॅब बंद झाला, लॉगिनची मुदत संपली, वर्षभराने ती लिंकच मेली, की मग बसा शोधत.

गंमत म्हणजे यात तांत्रिक अडचण काहीच नाही. सर्व्हर फाइलसोबत 'कंटेंट-डिस्पोझिशन' नावाची एक ओळ पाठवू शकतो. तिच्यात 'अटॅचमेंट' लिहिलं तर फाइल उतरवली जाते. 'इनलाइन' लिहिलं किंवा ही ओळच नसली, तर ब्राउझर त्याला जमेल ते तिथेच उघडून दाखवतो. म्हणजे ठरवणार साइटवाला, नाहीतर ब्राउझरवाला. ज्याचा कागद आहे, त्याला कोण विचारतो?

क्रोमने २०१० मध्ये स्वतःचा पीडीएफ दर्शक आणला, फायरफॉक्सने २०१३ मध्ये. त्यामागे सुरक्षेचं कारण होतं आणि ते खरं होतं. तेव्हाच्या पीडीएफ प्लगिनमध्ये भोकं होती. चार पानांचं माहितीपत्रक चाळायला ही सोय उत्तमच, मान्य. पण माहितीपत्रक आणि दस्तऐवज यात फरक आहे की नाही? मार्च २०२२ मध्ये तर फायरफॉक्सने "उघडू की साठवू?" हा साधा प्रश्नही आपण होऊन विचारणं सोडलं. आणि ई-आधारवरची डिजिटल सही क्रोमच्या दर्शकात तपासताच येत नाही. त्यासाठी फाइल उतरवून ॲक्रोबॅट रीडरसारख्या प्रोग्रॅममध्येच उघडावी लागते.

"मग डाउनलोडचं बटण दाबा की!" असं कोणी म्हणेल. दाबतोच हो. पण ज्यांना ते बटण कशासाठी असतं हेच माहीत नाही, त्यांचं काय? टॅबमध्ये दिसलं म्हणजे आपल्याकडे आलं, असं समजणारी माणसं घरोघरी आहेत. चूक त्यांची नाही. दाखवणं आणि देणं यातला फरक ब्राउझरनेच पुसून टाकलाय.

तोवर आपणच बंदोबस्त करायचा. कॉम्प्युटरवरच्या क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज'मध्ये जा. तिथे 'ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज'खाली 'पीडीएफ डॉक्युमेंट्स' आहे, त्यात 'डाउनलोड' निवडा. फायरफॉक्समध्ये 'ॲप्लिकेशन्स'च्या यादीत पीडीएफसमोर 'सेव्ह फाइल' करा. आपलं झालं की आईवडिलांच्या कॉम्प्युटरवरही करून द्या.

डाउनलोडचा फोल्डर तुंबेल म्हणता? तुंबू दे. नको ते कागद नंतर फेकता येतात, पण जे कधी हातात आलेच नाहीत, ते शोधायचे कुठे?