शेंदूर, ऑइलपेंट आणि वसईची पडकी चर्चं

दिवाळीत वसईला मावशीकडे गेलो होतो. किल्ला बघून येतो म्हटल्यावर मावसभाऊ म्हणाला, "काय बघणार? पडकी चर्चं आहेत नुसती."

तीच तर बघायची होती! 1534 पासून 1739 पर्यंत, चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत, तिथे पोर्तुगीज होते. आता छप्परं नाहीत, भिंतींतून झाडं वाढलीत. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये तर आपण थडग्यांच्या फरशांवरूनच चालतो. त्यांवरची पोर्तुगीज अक्षरं अजून दिसतात. मला ती भाषा येत नाही, पण तरी बराच वेळ वाकून बघत बसलो. चप्पल घालून उभं राहायला कसंतरी झालं.

परत शेंद्र्याला आलो आणि दुसऱ्या आठवड्यात आजोळी गेलो. (मामा हे वाचणार आहे, म्हणून जपून लिहितो.) मारुतीच्या पारावर एक वीरगळ आहे. लहानपणी आजोबांनी बोट धरून दाखवला होता. खाली लढाई आणि गुरं, वर वीराला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्याही वर पिंडीची पूजा करणारा तोच वीर, शेवटी चंद्र-सूर्य. गावाची गुरं सोडवताना मेलेला कुणीतरी! नाव कुणालाच ठाऊक नाही.

आता पाराला चकचकीत टाइल्स लागल्यात. वीरगळ खालून वीतभर सिमेंटमध्ये गेलाय आणि वर सोनेरी ऑइलपेंट. लढाई सिमेंटखाली गेली, गुरंही गेली. उरलेल्यांची नाकं-डोळे रंगात बुजले. जीर्णोद्धाराच्या पावतीवर माझेही 501 रुपये आहेत, ते वेगळंच.

मामाशी वाद झाला. तो म्हणाला, "पूजा होती म्हणून दगड राहिला. नाहीतर कुणाच्या तरी न्हाणीत गेला असता." हे मात्र खरं आहे. वसईला पुरातत्त्व खात्याचा फलक आहे, 1958 चा कायदा आहे. आमच्या वीरगळाला राखायला शेंदराशिवाय कोण होतं? शेंद्र्यात मांगीरबाबाच्या जत्रेची गर्दी बघितली की कळतं, लोक ज्याला मानतात ते टिकतं. आजूबाजूला एमआयडीसी आली, ऑरिक सिटी आली, माळरान ओळखू येईना, पण जत्रा आहेच.

पण मामा, शेंदूर वेगळा आणि सिमेंट वेगळं. 2022 साली सप्तशृंगीच्या मूर्तीवरचं शेंदराचं जाड कवच काढलं, तेव्हा आतून मूळ रूप दिसलं. इतकी वर्षं त्या थराखाली ते शाबूत राहिलं होतं. सिमेंट काढायला गेलं तर दगडाचा टवकाच निघणार. तेव्हा पूजा करा, शेंदूर लावा, नारळ फोडा (दगडावर नको, बाजूला). फक्त "नवीन" करू नका. पडकं असणं म्हणजे काही घाण नव्हे. वसईच्या चर्चला कुणी टाइल्स लावल्या असत्या, तर मी कशाला वाकून बघत बसलो असतो?

मामा सध्या बोलत नाहीये. मामीने मात्र काल फोन करून सांगितलं की पाराच्या मागे अजून एक तुटका वीरगळ पालथा पडलाय, त्याला अजून रंग लागलेला नाही. या रविवारी जाऊन आधी फोटो काढणार आहे. तुमच्या गावात असे दगड असतील तर त्यांचं काय झालं, जरूर कळवा.