स्थानक दाराशी, घर मात्र दूर

गिरणगावातील कामगार भोंगा ऐकून पायी कामावर निघत असे. करी रोड, चिंचपोकळी, परळ ही स्थानके हाकेच्या अंतरावर. मोटार कोठे ठेवावी, हा प्रश्न त्या चाळींना कधी पडलाच नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या. १९९१ च्या नियमावलीने त्यांच्या जमिनीचा साधारण तृतीयांश वाटा सार्वजनिक घरांसाठी राखला खरा. परंतु २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणाम लोअर परळला उतरताच दिसतो : गगनचुंबी मनोरे आणि त्यांच्या पोटात मोटारींचे मजलेच्या मजले! ज्यांना लोकलवाचून गत्यंतर नाही, त्यांच्यापुढे मात्र २०२४ मध्ये शेलू-वांगणीची घरे ठेवण्यात आली. स्थानक तेथेही आहे. पण जाण्यायेण्यात रोज तीन तास गेले, तर बाप मुलांना भेटणार तो रविवारीच!

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जुन्या चाळी आजही गिरणगावात उभ्या आहेत. त्यांच्या पुनर्विकासात वाहनतळाचे मजले वगळावेत आणि तोच पैसा वारा खेळता ठेवणाऱ्या गॅलरीवर, मुलांच्या चौकावर व आजी-आजोबांसाठी एका जादा खोलीवर खर्चावा.