आधी हवा, मग पैसे

यंदा पावसाळा संपल्यापासून माझी उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट झोपायला लागलं. रविवारी सकाळी सायकलवरून येळ्ळूरचा राजहंसगड करून यायचं आणि सोमवारी दुपारपर्यंत बोटांत मुंग्या. एंटर दाबताना करंगळी आपली की शेजाऱ्याची, कळेना. ज्याचं पोट बोटांवर चालतं, त्याला हे परवडणारं नाही. डॉक्टर म्हणाले, तळहाताच्या कडेने जाणारी नस हँडलवर दाबली जातेय. सायकल नीट करा, नाहीतर काही दिवस ठेवून द्या.

ठेवून द्यायची नव्हती. मग इंजिनिअर लोक करतात तेच केलं, एक्सेल उघडलं. जाड ग्रिप, जेलचे हातमोजे, जेलचं सीट कव्हर. दोन महिन्यांत साडेतीन हजार गेले आणि मुंग्या होत्या तिथेच. कव्हरने तर त्रास वाढवला. मऊ गादीत बसायची हाडं बुडतात आणि मधला भाग वर येऊन नको तिथे दाबतो. सीट मऊ असण्यापेक्षा आपल्या हाडांच्या रुंदीची असावी लागते, हे नंतर कळलं. ती रुंदी घरीच मोजता येते. पायरीवर खोक्याचा पुठ्ठा ठेवायचा, त्यावर गच्च बसायचं, उठून दोन खळग्यांच्या मध्यांतलं अंतर घ्यायचं. त्यात साधारण दोन सेंटीमीटर मिळवले की अंदाज येतो.

खरा दोष बाबांनी काढला. टिळकवाडीतून त्यांनी तीस वर्षं काळ्या घोड्यासारखी उंच सायकल चालवलीय, स्प्रिंगच्या चामडी सीटची. त्यांनी माझं चाक अंगठ्याने दाबलं.

"दगड आहे की रे हा! हवा किती मारलीयस?"

"शंभर. टायरवर तेवढीच लिहिलीय."

टायरवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा होता. त्यापुढे जाऊ नका, एवढंच तो सांगतो. ऑफिसात डॉक्युमेंटेशन नीट वाचा म्हणून ज्युनिअरच्या मागे लागणारा तो मीच.

माझं टायर २८ मिलिमीटरचं. फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा मोजली, तर ३५ चं बसून दोन्ही बाजूंना चार-पाच मिलिमीटर मोकळं राहत होतं. चिखल अडकू नये म्हणून एवढी जागा हवीच. रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते, त्यामुळे ती कमी दाबावर ठेवता येते आणि रस्त्याचा दणका टायरच गिळतं. माझं वजन ७४ किलो. आता मागे ५५ आणि पुढे ५० ठेवतो. फार उतरवली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावते आणि पंक्चरची शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. पहिल्या आठवड्यात एकदा तेही करून झालं.

तसा यात नवा शोध काहीच नाही. बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या पशुवैद्याने हवेच्या टायरचं पेटंट १८८८ मध्ये घेतलं. त्याच्या पोराची तीनचाकी भरीव रबरावर दणके खायची, म्हणून त्याने हा उद्योग केला.

टायर-ट्यूबचे पैसे मोजल्यावर पुढचं सगळं फुकटात झालं. सीटचं नाक खाली झुकलेलं होतं, त्यामुळे मी पुढे घसरत होतो आणि सगळं वजन हातांवर येत होतं. मोबाईलमधली लेव्हल लावून ते सरळ केलं. हँडल धरणारा स्टेम खाली उतरता होता, तो उलटा करून बसवला. हँडल दोन-अडीच सेंटीमीटर वर आलं. आमचे सायकलवाले मामा नवा स्टेम काढून तयारच होते, उलटा बसतो म्हटल्यावर जरा हिरमुसले. पण घट्ट त्यांनीच करून दिला. तो ढिला राहिला तर गंमत नाही.

मुंग्या एका रात्रीत गेल्या नाहीत. पाच-सहा आठवडे लागले. अजूनही लांब गेलो तर दर दहा मिनिटांनी हाताची पकड बदलतो.

परवा बाबा म्हणाले, "दुसऱ्या गेटपर्यंत जाऊन येतो जरा." पाऊण तासाने आले. सायकल भिंतीला लावली, काही बोलले नाहीत. बघतो तर सीट अर्धा इंच खाली केलेली.