गेमिंग लॅपटॉप : ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’साठी जादा पैसे मोजावेत काय?

दुकानाचा हिशेब, मालाचे फोटो, मुलांचा अभ्यास आणि त्यांचा खेळ ही सर्व कामे एकाच यंत्रावर व्हावीत, अशी इच्छा भद्रकालीपासून मालेगावपर्यंत अनेक व्यापारी व कारागीर घरांत आज ऐकू येते. मुले गेमिंग लॅपटॉपचा आग्रह धरतात आणि बाप दुकानदारासमोर बसतो. लाखाच्या आसपासचा हा सौदा असतो. खोक्यावरील शब्द मात्र असे असतात की, आमच्यासारख्या उर्दू माध्यमातून शिकलेल्या माणसाने नुसती मान डोलवावी. त्यातलाच एक शब्द म्हणजे ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’. कोणी त्याला ‘जी-सिंक’ म्हणतो, कोणी ‘फ्रीसिंक’. या शब्दापायी किमतीत काही हजारांची भर पडत असेल, तर ती द्यावी की नाही, याचा विचार आपण धंद्याच्या नजरेने केला पाहिजे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते समजून घेऊ. लॅपटॉपचा साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. त्याची ही गती ठरलेली असते. गेममधील चित्रे तयार करणारी ग्राफिक्स चिप मात्र एका गतीने चालत नाही. मैदान मोकळे असेल तर ती सेकंदाला ८० चित्रे देते. धूर, आग, गर्दी आली की ४५ वर येते. मग पडद्याची वेळ आणि चित्राची वेळ जुळत नाही. अर्धे जुने व अर्धे नवे चित्र एकाच वेळी दिसते आणि मध्ये फाटल्यासारखी रेघ उमटते. हे टाळण्यासाठी चिपला थांबवून धरण्याचा जुना उपाय आहे. पण त्यात काही चित्रे दोनदा दाखवावी लागतात व खेळ अडखळतो.

मागाचे काम माहीत असलेल्याला हे समजावे लागत नाही. यंत्रमागाची गती मोटारीने बांधलेली असते. ताण्याची वाट उघडी असतानाच धोटा पार झाला पाहिजे. तो मध्ये अडकला तर ताण्याचे धागे तुटतात. हातमागावर तसे नाही. येवल्याचा पैठणी विणकर पायाने वाट उघडतो, बाण्याचा धागा पार झाल्याची खात्री करतो आणि मगच फणी ठोकतो. ॲडॅप्टिव्ह सिंकचा पडदा या हातमागासारखा वागतो. चित्र तयार झाले की तो ते घेतो. तयार नसेल तर क्षणभर थांबतो. म्हणून चित्र फाटत नाही आणि धक्काही कमी बसतो.

ही सोय मुळात खेळासाठी आलेली नव्हती. पडद्यांची मानके ठरविणाऱ्या ‘व्हेसा’ या संस्थेने लॅपटॉपच्या आतील जोडणीसाठी २००९ मध्येच हे तंत्र मानकात घेतले होते आणि वीज वाचविणे हा त्याचा एक मोठा उपयोग होता. एनव्हीडिया कंपनीने २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ आणले. २०१४ मध्ये व्हेसाने टेबलावरच्या मॉनिटरसाठीही ॲडॅप्टिव्ह सिंकचे मानक जाहीर केले. एएमडीचे ‘फ्रीसिंक’ त्याच आधारावर उभे आहे. २०१९ पासून एनव्हीडियानेही हे खुले मानक चालणारे मॉनिटर स्वीकारले. म्हणजे नावे वेगळी असली तरी कामाचे सूत्र एकच आहे. नावासाठी वेगळी किंमत मागणाऱ्याला आपण हे सांगू शकलो पाहिजे.

आता मुख्य प्रश्न. याचा फायदा कोणाला? आमचे मत असे की, मधल्या किमतीचे यंत्र घेणाऱ्याला तो सर्वांत जास्त आहे. ज्याच्या यंत्राची गती ५० ते ९० चित्रांच्या दरम्यान वरखाली होते, त्याला ही सोय रोज जाणवेल. ज्याने भारी चिप आणि सेकंदाला १४४ वेळा बदलणारा पडदा घेतला आहे, त्याचे चित्र सेकंदाच्या १४४ व्या भागातच बदलते. चित्र फाटले तरी ते इतका कमी वेळ टिकते की डोळ्याला खटकत नाही. म्हणजे गरज मधल्या गिऱ्हाइकाला अधिक. पण कंपन्या स्वस्त यंत्रात काटछाट करतात ती पडद्यावरच, आणि ही सोय गळते तीही तिथेच. कापडाच्या बाजारात टिकाऊ मालाची गरज रोजंदारीवरच्या माणसाला असते आणि विरळ वीण त्याच्याच गळ्यात पडते, तोच प्रकार येथे आहे.

तरीही ‘सोय आहे’ एवढ्यावर भागत नाही. तिचा पल्ला विचारावा लागतो. काही पडदे ४८ ते ६० एवढ्याच टप्प्यात जुळवून घेतात. गती ४५ वर आली की सोय संपली. ४८ ते १४४ असा रुंद पल्ला असेल, तर गती खाली गेल्यावरही एकेक चित्र दोनदा दाखवून मेळ राखता येतो. दुसरी गोष्ट जोडणीची. गेमिंग लॅपटॉपमध्ये बहुधा दोन ग्राफिक्स चिपा असतात. एक प्रोसेसरमधली, दुसरी खेळासाठीची. पुष्कळ यंत्रांत पडदा पहिलीला जोडलेला असतो. अशा वेळी खोक्यावर नाव असूनही सोय चालेलच असे नाही. पडदा थेट खेळाच्या चिपेला जोडता येतो काय, हे विचारून घ्यावे. त्या बदलाच्या सोयीला ‘मक्स स्विच’ म्हणतात.

पण या सर्वांच्या आधी तीन गोष्टी येतात, आणि आपली फसगत होते ती तिथे.

पहिली गोष्ट चिपेची ताकद. ‘आरटीएक्स ४०५०’ या एकाच नावाची लॅपटॉप चिप ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मिळते. नाव तेच, काम वेगळे. पॉपलिन म्हटले की सर्व पॉपलिन सारखे होत नाही. सूत कोणते, एका इंचात धागे किती, हे आपण विचारतोच ना? तसे येथे वॅट विचारावेत. कमी ताकदीच्या चिपेची भरपाई पडदा करू शकत नाही.

दुसरी गोष्ट थंड राहण्याची. यंत्र तापले की चिप आपली गती आपोआप कमी करते. नाशिकचा एप्रिल-मे आणि मालेगावचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी पंखे व हवेच्या जाळ्या नीट पाहूनच यंत्र घ्यावे.

तिसरी गोष्ट रंगांची. कापडवाल्यांसाठी आम्ही हिला सर्वांत वर ठेवतो. स्वस्त गेमिंग लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले आढळते. याचा अर्थ तो पडदा नेहमीच्या रंगांपैकी साधारण दोन-तृतीयांशच दाखवितो. ‘७२ टक्के एनटीएससी’ किंवा ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर रंग पुरे दिसतात. अपुऱ्या पडद्यावर पाहून ओढणीचा फोटो दुरुस्त केला, लाल फिका वाटतो म्हणून वाढविला आणि गिऱ्हाइकाला पाठविला, तर त्याच्या मोबाइलवर तो भडक दिसणार. माल पोहोचला की ‘फोटोतला रंग हा नव्हे’ म्हणून परत येणार. जाण्या-येण्याचे भाडे आपल्या माथी, आणि दुकानाचे नाव जाते ते वेगळेच. ज्या यंत्रावर मुलगा खेळणार आणि बाप मालाचे फोटो पाहणार, त्यात सिंक आणि रंग यांपैकी एकच परवडत असेल तर रंग घ्यावा.

पैशाविषयीही दोन शब्द. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे नाव ऐकून अनेक दीनदार माणसे निर्धास्त होतात. त्यात बहुतेक वेळा बँक व्याज लावते, विक्रेता तेवढी सूट आधी देतो आणि त्या व्याजावरील जीएसटी गिऱ्हाईक भरतो. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. तेव्हा कागदावर व्याजाचा रकाना आहे काय, हे सही करण्यापूर्वी पाहावे. चार महिने थांबून रोख घेणे किंवा नात्यात कर्ज-ए-हसना घेणे यात कमीपणा नाही. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरचा कर नेहमीच्या नोंदणीच्या व्यापाऱ्याला वळता मिळतो, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. आणि निव्वळ मुलाच्या खेळासाठी घेतलेले यंत्र दुकानाच्या खात्यात दाखविणे हे ना कायद्यात बसते, ना ईमानात.

आमच्या बिरादरीचे अनेक तरुण महात्मा गांधी रोडवर मोबाइल व संगणकाच्या धंद्यात आहेत. त्यांनाही आमचे सांगणे आहे. माप-तोलात घट करणाऱ्यांविषयी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन ही पूर्ण सूरह त्याच नावाने आहे. मीटरमध्ये बोटभर कापड चोरणे आणि ३५ वॅटची चिप ११५ वॅटच्या तोऱ्यात विकणे, यात आम्हाला फरक दिसत नाही. गिऱ्हाइकाला इंग्रजी समजत नाही, ही विक्रेत्याची संधी नव्हे. ती त्याच्यावरची अमानत आहे. वॅट, रंग आणि सिंकचा पल्ला हे तीन आकडे बिलाच्या पाठीवर मराठीत किंवा उर्दूत लिहून दिले, तर असे दुकान लोक शोधत येतील.

तात्पर्य, ॲडॅप्टिव्ह सिंक ही खरी आणि उपयोगी वस्तू आहे. ताकद, थंडावा आणि रंग यांत बरोबरीची दोन यंत्रे समोर असतील, तर जिच्यात ही सोय रुंद पल्ल्याची आहे ती घ्यावी. हजार-दोन हजारांचा फरक असला तरी हरकत नाही. पण तिच्यासाठी चिप हलकी घेऊ नये, रंग सोडू नयेत आणि व्याजाच्या दारात तर मुळीच जाऊ नये. कापड घेताना आपण ते उजेडात नेतो, बोटांत चोळून पाहतो, मगच भाव करतो. लॅपटॉपही चालू करून, मुलाला जवळ बसवून, आपल्याच दुकानातला एखादा कपडा पडद्याशेजारी धरून पाहावा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरे दुकान आहेच.