खाणावळ आणि ‘सोलापुरी थाळी’

गेली काही वर्षे पुण्यामुंबईच्या हॉटेलांतून ‘सोलापुरी थाळी’ नामक एक प्रकार मांडला जातो. दाराशी जाते ठेवलेले, भिंतीवर चादर टांगलेली, वाढप्याच्या डोक्यावर फेटा, ताटात कडक भाकरीचे चार तुकडे आणि वाटीभर शेंगाचटणी. खाद्ययात्रेचे लेखक तेथून उठतात ते ‘हरवत चाललेल्या चवी’विषयी उसासे टाकीतच. या उसाशांशी आमचे भांडण आहे. चव हरवलेली नाही. शेंगाचटणी पाकिटात बसून केव्हाच परदेशी गेली. हरवते आहे ती खाणावळ, आणि तिच्याविषयी चकार शब्द काढावा असे यांपैकी कोणास वाटत नाही.

खाणावळ म्हणजे पदार्थांची यादी नव्हे, ती एक व्यवस्था होती. सोलापुरात 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, पाठोपाठ इतर आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या मराठी-कन्नड मुलखातून दुष्काळाने हुसकलेला कुणबी आला. पुष्कळसे एकटे आले. एकट्या माणसाला दोन वेळचे पोटभर अन्न हवे, तेही पगार हाती येण्यापूर्वी. ही गरज भागविली ती खाणावळीने. महिन्याचा दर ठरलेला, वहीत नाव, न जेवलेल्या दिवसांचे खाडे वजा, आणि हिशेब पगाराच्या दिवशी. ज्या गावात नवख्यास कोणी उधार देत नाही, तेथे खाणावळ त्याच्यावर विश्वास टाकीत असे. उपाहारगृह आणि खाणावळ यांतील भेद चवीचा नसून या वहीचा आहे.

पदार्थांचेही तसेच. पातळ थापून, भाजून, वाळवलेली कडक भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते. ज्वारी कमी पाण्यावर येते आणि शेंगदाणा थोडक्यात ताकद देतो. पावसाची शाश्वती नसलेल्या मुलखाने काढलेली ही तोड आहे. तिला ‘रांगडी चव’ म्हणून गौरविणे म्हणजे ठिगळाला नक्षी म्हणण्यासारखे आहे.

मात्र खाणावळीची बाजू घेताना तिला सोवळ्यात गुंडाळण्याची आमची इच्छा नाही. कोणाची पंगत कोठे, हे बहुधा पाटीवरच लिहिलेले असे: लिंगायत खाणावळ, मराठा खाणावळ, ब्राह्मणी खाणावळ. ज्यांच्या जातीची पाटी नव्हती, त्यांनी कोठे जेवावे हा प्रश्न कोणी विचारीत नसे. सार्वजनिक उपाहारगृहांत जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे 1950 साली अमलात आलेल्या राज्यघटनेला पंधराव्या कलमात स्पष्ट लिहावे लागले, ते उगाच नव्हे. मेक्सिकोतील जुन्या ‘कान्तिना’ पेयाबरोबर खाणे फुकट देण्याबद्दल आज वाखाणल्या जातात. त्या कान्तिनांचे दार स्त्रियांना 1980च्या दशकाच्या आरंभापर्यंत बंद होते, हे पर्यटकास क्वचितच सांगितले जाते. 2010 साली मेक्सिकोची पारंपरिक पाककला युनेस्कोच्या वारसायादीत गेली. आपल्याकडेही कोणी अशी यादी करील, तेव्हा त्या पाट्यांची नोंद तीत असावी. दाराबाहेर उभा असलेला माणूस वगळून लिहिलेला वारसा ही निव्वळ जाहिरात होय.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे श्रम. जेवणारा पुरुष, आणि भाकरी थापणारे हात बहुधा बाईचे. मुंबईत गिरणी कामगारांना घरातून जेवण पुरविणाऱ्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तोवर या बायांचा व्यवसाय सावकाराच्या व्याजावर चाले. खाणावळ ‘मायेने’ चालते, असे लिहिणारास हे व्याज कोणी भरले याची चौकशी करावीशी वाटली नाही.

आमच्या साहित्यानेही फारसे वेगळे केले नाही. खाणावळ म्हटली की विद्यार्थीदशेतील पाणचट आमटीचा विनोद, हा मध्यमवर्गीय गद्याचा ठरीव साचा. ज्याला खाणावळ हे चार वर्षांचे वसतिस्थान नसून अख्खे आयुष्य होते, तो मजूर या विनोदात बसत नाही.

पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि वहीचा आधारच गेला. ज्याचा पगार ठरलेला नाही, त्याचा महिना कसा ठरावा? एकटा माणूस मात्र संपलेला नाही. यंत्रमागावर, बांधकामावर, परीक्षांच्या अभ्यासिकांतून तो आहेच. त्याच्यासाठी शासनाने 2020च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू केली. हेतू चांगला, पण ताट साऱ्या राज्याला एकच: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ज्या जिल्ह्यातील मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात, तेथेही ठरवून दिलेल्या ताटात भाकरी नाही. तीन वर्षांनी, 2023 साली, संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष साजरे केले आणि ज्वारी मेजवान्यांत मिरवली. गरिबाच्या ताटातून वगळलेले धान्य श्रीमंताच्या ताटात ‘आरोग्यदायी’ ठरावे, याहून बोलका पुरावा आम्हास नको.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. ज्यांना सोलापूरची खाद्यसंस्कृती राखायची आहे, त्यांनी फेटे आणि जाती बाजूला ठेवून काही रोकडे प्रश्न विचारावेत. भाकरी थापणाऱ्या बाईस खेळते भांडवल कोण देणार? नगरपालिकेच्या गाळ्यांत खाणावळीस परवडेल असे भाडे का नसावे? सार्वजनिक भोजनाच्या ताटात जिल्ह्याचे धान्य का नसावे? यांची उत्तरे पाककृतींच्या पुस्तकांत सापडणार नाहीत, अंदाजपत्रकांत सापडतील. ती शोधायची नसतील तर थाळी खुशाल खावी, तिचे दाम द्यावे, परंतु तिला परंपरा म्हणू नये.