'मात' नेमकी कशावर?

खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या चरित्रांचा एक ठरीव साचा असतो. पहिल्या अंकात दारिद्र्य, दुसऱ्यात आघात, तिसऱ्यात विजय. चरित्र स्त्रीचे असेल तर दुसरा अंक अंमळ लांबतो, कारण सोशिक स्त्री वाचायला आपल्याला मनापासून आवडते. आणि शेवटी 'प्रतिकूल परिस्थितीवर मात' हे शब्द हटकून येतात. 'मात' हा बुद्धिबळाच्या पटावरचा शब्द. राजाला जायला घर उरले नाही, डाव संपला, मोहरी डब्यात गेली. आयुष्यातल्या कोणत्या दुःखाचा डाव असा संपतो, हा प्रश्न मात्र ही चरित्रे लिहिणाऱ्यांना सहसा पडत नाही.

सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्याविषयी जे जे लिहिले गेले आहे ते वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेतील विद्यापीठीय महिला बास्केटबॉलमध्ये १९७१ पासून २०२२ पर्यंत प्रशिक्षक, तीन विद्यापीठे, १०५५ विजय. आपल्याकडे महाविद्यालयीन सामना म्हणजे मैदानाच्या कडेला उभे असलेले शंभरेक विद्यार्थी. तिथे १९८५ साली स्ट्रिंगर यांच्या आयोवा संघाचा एक सामना पाहायला बावीस हजारांवर माणसे आली होती. साच्याला लागणारा सगळा ऐवज त्यांच्या आयुष्यात आहे. जन्म १९४८ चा, पेनसिल्व्हेनियातल्या कोळसाखाणींच्या मुलखात, वडील खाणकामगार. शाळेत कृष्णवर्णीय म्हणून चिअरलीडर्सच्या चमूत जागा नाकारली गेली आणि ती झगडून मिळवावी लागली. पण साच्यात हे आयुष्य घालू गेले की तो जागोजागी तडकतो.

पहिली तडक १९८१-८२ ची. स्ट्रिंगर तेव्हा चेनी स्टेट या लहानशा, ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात होत्या. नोकरी शारीरिक शिक्षण शिकवण्याची. मुलींच्या संघाचे प्रशिक्षण हे सुरुवातीला विनामोबदला अंगावर घेतलेले काम. पुरुषांचे प्रशिक्षक जॉन चेनी (नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग) यांच्याबरोबर एकाच व्यायामशाळेत दोन्ही संघांचा सराव चाले. १९८१ साली त्यांची चौदा महिन्यांची मुलगी नीना हिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, परंतु चालणे आणि बोलणे तिच्या वाट्याला आले नाही. त्याच हंगामात, मार्च १९८२ मध्ये, राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेने प्रथमच भरवलेल्या महिलांच्या स्पर्धेत चेनीचा संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि लुइझियाना टेककडून ७६-६२ असा हरला. त्यानंतर कोणत्याही कृष्णवर्णीय महाविद्यालयाचा महिला संघ त्या सर्वोच्च गटाच्या अंतिम सामन्यात पोहोचलेला नाही.

आता यात 'मात' कुठे आहे? आघात आधी आणि यश नंतर, असा क्रमच येथे नाही. रुग्णालय आणि क्रीडांगण ही दोन्ही एकाच आठवड्यात होती, एकाच बाईच्या वेळापत्रकात होती. अंतिम सामन्याने मुलीचे दुखणे हलके झाले नाही, आणि मुलीच्या दुखण्याने संघाचा बचाव धारदार झाला असे म्हणणे तर क्रूरपणाचे आहे. तरीही हे अनेकदा म्हटले जाते, फक्त सौम्य शब्दांत: 'दुःखानेच त्यांना घडवले.' मला हे वाक्य मान्य नाही. त्यांना घडवले ते बास्केटबॉलच्या ज्ञानाने. 'पंचावन्न' या नावाने ओळखली जाणारी त्यांची बचावपद्धती प्रसिद्ध आहे: विरोधी संघाने रेषेबाहेरून चेंडू आत टाकल्या क्षणापासून, ९४ फुटी मैदानाच्या पुऱ्या लांबीवर, त्याला घेरायचे. त्यासाठी पाच खेळाडूंची पावले एका मनाने पडावी लागतात आणि ती वर्षानुवर्षांच्या सरावाने पडतात. पाहायला हे बास्केटबॉल फारसे देखणे नसे, हेही कबूल करायला हवे. गुण कमी, धक्काबुक्की फार. पण ते एका बुद्धिमान स्त्रीने विचारपूर्वक रचलेले काम होते, आणि करुणकथेच्या भरात नेमके तेच वगळले जाते.

१९८३ मध्ये त्या आयोवा विद्यापीठात गेल्या. या स्थलांतरात नीनाच्या उपचारांचा विचार होता. तिथे विद्यापीठाचेच मोठे रुग्णालय होते. शिवाय आयोवात महिलांच्या खेळांचा स्वतंत्र विभाग होता आणि क्रिस्टिन ग्रँट यांच्यासारखी खंबीर स्त्री त्याची प्रमुख होती. मला या कथेतला हा भाग सर्वात मोलाचा वाटतो आणि नेमका तोच घाईने उरकला जातो. अपंग मुलाच्या आईला आपण 'किती खंबीर आहात हो तुम्ही!' असे म्हणतो आणि तिथेच आपले कर्तव्य संपते. तिच्या कामाच्या वेळात मुलाजवळ कोण बसते, उपचार किती अंतरावर आहेत, वरिष्ठ तिला कसे वागवतात, हे कोणी विचारत नाही. सोशिकपणाचे कौतुक फुकट असते; रुग्णालयाला पैसे लागतात.

दुसरा घाव नोव्हेंबर १९९२ चा. ऐन 'थँक्सगिव्हिंग'च्या दिवशी पती विल्यम हृदयविकाराने गेले, वय अवघे ४७. पदरी दोन मुलगे आणि नीना. काही काळ संघापासून दूर राहून स्ट्रिंगर परतल्या, आणि १९९३ च्या वसंतात आयोवाने उपांत्य फेरी गाठली. तिथे जादा वेळेत ओहायो स्टेटकडून ७३-७२ अशी हार. एका गुणाने! साचेबाज कथाकार इथे चरफडला असेल.

पुढेही त्यांनी त्याला दाद दिली नाही. १९९५ पासून त्या रटगर्समध्ये. २००० साली तोही संघ शेवटच्या चारांत आला. तीन वेगवेगळ्या विद्यापीठांना तिथवर नेणाऱ्या, पुरुष-स्त्रिया धरून, त्या पहिल्या प्रशिक्षक. डिसेंबर २००६ मध्ये ड्यूकने रटगर्सला त्यांच्याच घरी ८५-४५ असे चिरडले होते. दहा जणींच्या त्या संघात पाच जणी पहिल्या वर्षाच्या होत्या. मार्च २००७ मध्ये याच मुलींनी याच ड्यूकला ५३-५२ असे हरवले. अंतिम सामना मात्र टेनेसीने ५९-४६ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी डॉन आयमस या नामांकित निवेदकाने रेडिओवरून त्या मुलींच्या वर्णाची आणि स्त्रीत्वाची एका दमात हेटाळणी केली. स्ट्रिंगर आणि त्यांच्या खेळाडू पत्रकारांसमोर शांतपणे बसल्या. त्या डॉक्टर होणार आहेत, संगीत शिकत आहेत, असे एकेकीविषयी सांगितले गेले. आठवडाभरात आयमसची नोकरी गेली. मुलींनी त्याची क्षमायाचना स्वीकारली.

यावर एक रास्त आक्षेप येईल. २००८ साली आलेल्या स्ट्रिंगर यांच्या आत्मकथनाच्या उपशीर्षकातच 'शोकांतिका' आणि 'विजय' हे दोन्ही शब्द आहेत; मग ज्यांचे आयुष्य, त्यांनाच साचा चालत असेल तर आपण कोण? आक्षेपात तथ्य आहे. असल्या कथांनी कुणाला तरी रात्र काढायला बळ मिळते, तेही नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच पुस्तकात त्यांनी प्रथमच सांगितले की मधल्या काळात आपल्याला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि आपण तो लपवून ठेवला होता. ज्या बाईच्या दुःखांची यादी प्रत्येक बातमीत छापली जात होती, तिने एक दुःख वर्षानुवर्षे त्या यादीबाहेर ठेवले. पुस्तकाच्या शीर्षकापेक्षा मला हे मौन अधिक बोलके वाटते.

२००९ मध्ये मायकल जॉर्डनबरोबर त्यांचाही बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये समावेश झाला. नोव्हेंबर २०१८ मध्ये हजारावा विजय. एप्रिल २०२१ पासून कोविडच्या काळजीमुळे त्या रजेवर होत्या आणि त्या रजेतूनच २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. राष्ट्रीय विजेतेपद त्यांना एकदाही मिळाले नाही.