शेवटच्या पोत्याचा हिशेब

खताची शिफारस करताना आपण बहुधा सरासरीचा आधार घेतो. खत घालणाऱ्यांचे उत्पन्न अधिक, न घालणाऱ्यांचे कमी. सबब अधिक खत घालावे, असा निष्कर्ष काढला जातो. माझ्या मते हा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. त्या चुकीची किंमत सल्ला देणाऱ्यास नव्हे, तर कर्ज काढून खत घेणाऱ्यास मोजावी लागते.

पहिली चूक तुलनेची. मुबलक खत घालणाऱ्या शेतकऱ्याजवळ बहुधा विहीर असते व हाताशी पैसाही असतो. कोरडवाहू शेजाऱ्यापेक्षा त्याचे पीक सरस आले, तर त्यात खताचा वाटा किती व पाण्याचा किती? आर्थिक व्यवहारांचे संख्याशास्त्राच्या साह्याने मोजमाप करणारे अर्थमितिशास्त्र हेच वाटे वेगळे करू पाहते. अहमदनगर व नाशिक जिल्ह्यांत १९५४-५५ पासून शेतीव्यवस्थापनाची पाहणी झाली, तीत निवडक शेतांचा जमाखर्च नोंदला गेला, तो अशाच प्रश्नांच्या उलगड्यासाठी.

दुसरी चूक सरासरीची. समजा, ज्वारीला पहिल्या पोत्याने २ क्विंटल, दुसऱ्याने १ क्विंटल व तिसऱ्याने २५ किलो वाढ दिली. आणि पोत्याची किंमत व मजुरी मिळून ५० किलो ज्वारीइतका खर्च आला. सरासरी पाहता दर पोत्यास क्विंटलाहून अधिक वाढ दिसते व तिन्ही पोती फायद्याची वाटतात. वस्तुतः तिसऱ्या पोत्यात २५ किलो ज्वारीचे नुकसानच आहे. हिशेब नेहमी शेवटच्या पोत्याचा करावा.

खेड्यात एवढे गणित कोण करणार, अशी शंका काढली जाते. ती मला पटत नाही. डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात पीककापणीच्या पाहणीत यदृच्छ नमुन्याची पद्धत रुजविली, ती खेड्यांतील शेतांतच. आपणही एकाच शेताचे सारखे पट्टे पाडावेत, कोणत्या पट्ट्यास किती खत घालावयाचे ते चिठ्ठी टाकून ठरवावे व प्रत्येक पट्ट्याचे धान्य निराळे तोलावे. बांधाकडेचा सकस पट्टा मुद्दाम निवडू नये. एका पावसाळ्यावर भरवसा न ठेवता दोन-तीन हंगामांच्या नोंदी ठेवाव्यात.

आणि ज्या पट्ट्यात खत वाया गेले, त्याचीही नोंद कार्यकर्त्याने अवश्य करावी. प्रात्यक्षिक यशस्वी दाखविण्यापेक्षा ते खरे दाखविणे, हेच शेतकऱ्याच्या हिताचे आहे.